जिथे पाठ टेकते, तो पत्ता

बेघर एकल मातांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, नगरविकास विभाग
मा. मंत्री, महसूल विभाग
आणि राज्यातील सर्व महानगरपालिकांचे मा. आयुक्त

विषय : रस्त्यावर, फलाटावर, पुलाखाली व रात्रनिवाऱ्यात राहणाऱ्या एकल माता आणि त्यांची मुले पुन्हा आपल्या पायावर उभी राहावीत, यासाठीच्या मागण्या.

महोदय / महोदया,

दाखल्याच्या खिडकीवर पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा पत्त्याचा. नाव आम्ही सांगतो, पत्त्यापाशी अडतो. पुलाचे नाव सांगितले तर खिडकीतला माणूस हसतो, गावचे नाव सांगितले तर म्हणतो, मग गावी जा. गावी गेलो की तिथले म्हणतात, तुझे नाव सासरच्या कार्डावर आहे, तिकडे जा. आणि सासर तर आम्हाला हाकलूनच रिकामे झालेले असते.

आमच्यात कुणाचा नवरा दारू पिऊन मेला, कुणाचा दुसरीबरोबर गेला, कुणी मारहाणीला कंटाळून लेकराला कडेवर घेऊन रात्रीच्या गाडीत बसली. कुणाचे लग्नच झालेले नाही आणि मूल आहे. धुणीभांडी, नाक्यावरची बिगारी, गजरे-लिंबूमिरची, कचरा वेचणे, लग्नात वाढप आणि भांडी अशी आमची कामे आहेत. आम्ही कष्ट करतो. कमी पडतात ते कागद, आणि कागद कमी पडतात ते पत्त्यामुळे. बेघरांसाठी असलेली मदत मिळवायला घर असल्याचा पुरावा मागायचा, हा सरकारी कामकाजातला सगळ्यात जुना विनोद असावा. त्याला हसायला आता आमच्यात ताकद नाही.

या पत्रात आम्ही नव्या योजनेचे नाव सुचवलेले नाही. योजना भरपूर आहेत आणि त्यांना थोरामोठ्यांची नावेही आहेत. त्या आमच्यापर्यंत का पोचत नाहीत आणि काय केले तर पोचतील, एवढेच इथे मांडले आहे.

पत्ता

आधी एक गोष्ट सरकारच्याच पदरात टाकतो. मतदार यादीत नाव घालण्यासाठी नमुना 6 भरावा लागतो. त्यात बेघर नागरिकांसाठी निवडणूक आयोगाची स्पष्ट सूचना आहे. अर्जदाराने जी जागा सांगितली असेल, तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री जाऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो का हे पाहावे. एकाच रात्री नव्हे, एकाहून अधिक रात्री जावे. खात्री पटली तर राहण्याच्या जागेचा कोणताही कागद मागू नये.

म्हणजे मत मागताना सरकारला आमचा पत्ता सापडतो. रात्री बॅटरी घेऊन फूटपाथवर येणारा कर्मचारी या देशाच्या नियमांत आहे. मग रेशनकार्डासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, मुलाच्या बालसंगोपनाच्या अर्जासाठी तोच नियम का चालत नाही? मताला पुरणारा पुरावा तांदळाला का पुरू नये?

म्हणून पहिली मागणी. प्रत्येक प्रभाग कार्यालयाने बेघर कुटुंबांना ‘मुक्कामाचा दाखला’ द्यावा. निवारागृहाचा व्यवस्थापक, अंगणवाडी सेविका किंवा बीट हवालदार यांपैकी एकाने पाहणी करावी आणि पंधरा दिवसांत दाखला हातात पडावा. बाई रात्री जिथे पाठ टेकते, तीच जागा त्यावर लिहावी. रेशन, आधार, बँक खाते, शाळा, दवाखाना आणि महसूल विभागाचे दाखले यांसाठी तो चालेल, असा एकच शासन निर्णय तिन्ही विभागांनी मिळून काढावा. तीन विभागांचे तीन निर्णय नकोत. तीन निर्णय म्हणजे तीन खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीवर एक दिवसाची मजुरी जाते.

टपालाचेही सांगतो. अर्ज मंजूर झाल्याचे पत्र, बँकेचे कार्ड, न्यायालयाचे समन्स हे सगळे पत्त्यावर येते. आमच्यातल्या एकीचा पोटगीचा अर्ज तारखेला हजर राहिली नाही म्हणून निकाली निघाला. तारखेचे पत्र तिने वर्षापूर्वी सोडलेल्या खोलीवर गेले होते. प्रभाग कार्यालयाच्या ‘मार्फत’ टपाल घेण्याची सोय करावी. एक लाकडी खणाचे कपाट आणि आठवड्यातून एक वार, यापेक्षा जास्त खर्च त्याला नाही.

टाकलेल्या बाईचा कागद

विधवेकडे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूम असतो. टाकलेल्या बाईकडे काय असते? नवरा टाकून जाताना पावती देत नाही. तो जिवंत आहे की मेला हेही माहीत नसेल, तर कायदा सात वर्षे वाट पाहायला सांगतो. सात वर्षांत कडेवरचे पोर तिसरीत जाते.

2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक मागितला गेला. ओरड झाल्यावर ज्यांचे पती आणि वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांच्यासाठी वेगळी वाट काढण्यात आली. ती काढली हे चांगलेच झाले. पण त्या वाटेवरही कागद लागतोच, मृत्यूचा नाहीतर न्यायालयाचा. जिचा नवरा नुसताच नाहीसा झाला, तिने कोणता कागद द्यायचा? आणि जी त्याच्या मारातून जीव वाचवून पळाली, तिने त्याच्याकडे आधार क्रमांक मागायला जायचे का?

हीच अडचण रेशनकार्डाची. अन्न सुरक्षा कायदा 2013 सांगतो की कुटुंबातली 18 वर्षांवरची ज्येष्ठ स्त्री ही कार्डाची कुटुंबप्रमुख. कायदा वाचायला गोड आहे. प्रत्यक्षात नवे कार्ड हवे तर जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, आणि ते कार्ड सासूच्या पेटीत असते. नाव तिथे, तोंड इथे. आमच्या वाटणीचे दरमहा माणशी 5 किलो धान्य कुणीतरी उचलत असते. आम्ही मात्र वडापाववर रात्र काढतो.

आमची मागणी अशी. परित्यक्ता असल्याचे स्वयंघोषणापत्र आणि दोन साक्षीदार एवढ्यावर तिला सर्व योजनांसाठी एकल महिला मानावे. साक्षीदार शेजारपाजारचे असतील, निवाऱ्यातल्या बायका असतील, काम करते त्या घरच्या बाई असतील. प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र घ्यावे हे धोरण राज्याने 2015 मध्येच स्वीकारले आहे, ते आमच्यापाशी येऊन का थांबावे? खोटे बोलणाऱ्या निघतील, अशी शंका अधिकारी घेतात. निघतीलही चार जणी. फसवणुकीला कायद्यात शिक्षा आहे. त्या चौघींसाठी चारशे जणींना उपाशी ठेवण्याचा नियम मात्र कुठल्याही कायद्यात नाही. रेशनकार्डावरचे नाव पुरवठा विभागाने स्वतः आपल्या संगणकावर कमी करावे. बाईला परत त्या उंबऱ्यावर पाठवू नये.

मुलाच्या नावाचेही तसेच. राज्याने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे बंधनकारक केले, त्याचे आम्ही स्वागत करतो. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात बापाच्या हयातीतही आई ही मुलाची नैसर्गिक पालक ठरू शकते असे सांगितले. 2015 मध्ये आणखी पुढे जाऊन, अविवाहित आईने बापाचे नाव न सांगताही तिला पालकत्व मिळू शकते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा असे सांगितले. तरी शाळेच्या अर्जावर ‘वडिलांची सही’ हा रकाना रिकामा राहिला की कारकून मान वर करून बघतो. तो रकाना ‘पालकाची सही’ असा करावा. या कामाला निधी लागत नाही, छपाईची पुढची खेप लागते.

एकवीस हजार

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता बसतात. महिन्याला 1,500 रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे आणि महाराष्ट्रातला रहिवास किमान 15 वर्षांचा हवा.

21,000 रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला 1,750, दिवसाला 58 रुपयेही नाहीत. मुंबई सोडा, तालुक्याच्या गावातसुद्धा आई आणि दोन लेकरे दिवसाला 58 रुपयांत जगत असतील, तर त्यांना अनुदान नको, डॉक्टर हवा. त्यामुळे दाखला मिळवायला प्रत्येकीला खोटे बोलावे लागते. तलाठ्यालाही ते ठाऊक असते आणि तहसीलदारांनाही. गरीब माणसाला खोटे बोलायला लावून मग त्याच्यावर संशय घ्यायचा, ही रीत आम्हाला पटत नाही. दुसरीकडे ‘लाडकी बहीण’ योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे आणि रक्कम तीच, 1,500. ज्या बहिणींना ते पैसे मिळतात त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आम्हीही त्यांच्याच घरची भांडी घासतो. पण डोक्यावर छप्पर असलेलीला अडीच लाखांपर्यंत आणि निराधार बाईला 21,000 पर्यंत, हा हिशेब कोणत्या पाटीवर मांडला ते एकदा आम्हाला दाखवावे.

निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख करावी. 15 वर्षांची अट बेघर मातांसाठी काढून टाकावी. पुलाखालच्या 15 वर्षांचे वीजबिल कुणी भरलेले नसते.

निवारा

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये, अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात, मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा असणारा निवारा उभा करावा असे सांगितले. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याच प्रमाणात निवाऱ्यांची तरतूद आली. माणशी किमान 50 चौरस फूट जागा असावी, स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत, असेही त्यात लिहिले होते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. म्हणजे त्याच आकड्यावर 124 निवारे हवेत. किती आहेत आणि त्यातले किती आईला मुलांसकट घेतात, हे प्रत्येक महापालिकेने आपल्या संकेतस्थळावर दर महिन्याला लिहावे. आम्ही मोजत बसायला मोकळ्या नाही.

पण संख्येइतकीच वेळ महत्त्वाची आहे. रात्रनिवारा संध्याकाळी उघडतो आणि सकाळी आठच्या आत रिकामा करा म्हणतात. बाळंत होऊन पंधरा दिवस झालेल्या बाईने तान्हे घेऊन दिवसभर कुठे बसायचे? गोवर निघालेल्या पोराला घेऊन कुठे जायचे? चोवीस तास हा न्यायालयाचा शब्द आहे. ‘रात्र’ हा शब्द पाटीवरून पुसावा, एवढेच मागतो.

आता दुखते तिथे हात लावतो. स्त्रियांच्या आधारगृहांत आईबरोबर मुलगी राहू शकते, पण मुलगा कुठे आठ, कुठे बारा वर्षांचा झाला की त्याला बाहेर पडावे लागते आणि बालगृहात जावे लागते. नियमामागचे कारण आम्हाला कळते. इतर बायकांच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न आहे आणि आमच्याही पोरी तिथेच झोपतात. पण परिणाम काय होतो तेही ऐका. थोरला मुलगा दहा वर्षांचा आणि धाकटी पाच वर्षांची असली, तर आई मुलाला सोडून आधारगृहात जात नाही. ती दोघांना घेऊन फलाटावर राहते. आधारगृहातली खाट रिकामी राहते आणि कागदावर नोंद होते की महिला लाभ घेण्यास अनुत्सुक.

रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आमच्यातल्या निरक्षर बाईलाही पाठ आहे. महाराजांनी तिला नियम मोडला म्हणून कोठडीत टाकले, असे कुणी सांगत नाही. तिथे बुरूज बांधला, असे सांगतात.

प्रत्येक महापालिकेत किमान एक निवारा असा असावा जिथे कुटुंबागणिक खोली किंवा निदान आडभिंत घातलेला खण असेल, कडी आतून लागेल आणि अठरा वर्षांपर्यंतचा मुलगा आईबरोबर राहू शकेल. इमारती नव्या बांधायला नकोत. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या महापालिका शाळांच्या खोल्या रिकाम्या आहेत. आम्हाला खडूचा वास चालेल.

महाराष्ट्राला हे नवे नाही. 1863 मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवांनी तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, अशी पत्रके त्यांनी भिंतींवर लावली. तिथल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या आणि पदरात मनोरमा ही लहान मुलगी होती. 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढले ते निवारा आणि शिक्षण एकत्र ठेवून. दीडशे वर्षांपूर्वी जे खासगी घरात जमले, ते महसुली कार्यालयाच्या फायलीत का अडावे?

मूल उचलू नका

बाल न्याय कायदा 2015 मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ याची व्याख्या आहे. ज्याला घर नाही, राहण्याचे ठिकाण नाही, उपजीविकेचे दिसणारे साधन नाही, असे मूल त्यात पहिलेच येते. म्हणजे आमची सगळी मुले. ही व्याख्या मदतीसाठी लिहिली आहे, पण रस्त्यावर तिची भीती वाटते. पथक आले की बायका मुलांना घेऊन पळतात, कारण उचलून नेलेले मूल परत मिळवायला बालकल्याण समितीसमोर पुन्हा तोच कागद लागतो. पत्ता.

त्याच कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असल्याचे तत्त्व लिहिले आहे. आम्ही फक्त ते तत्त्व अमलात आणा म्हणतो. केवळ बेघर आहे म्हणून कोणत्याही मुलाला आईपासून वेगळे करू नये. मारहाण, व्यसन, विक्री असे काही दिसले तर जरूर करावे, आम्हीच कळवू. एरवी समितीने आधी आई-मुलाला एकत्र निवाऱ्यात जागा द्यावी आणि मुलाच्या नावाने पैसे सुरू करावेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा 2,250 रुपये आहेत. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात 4,000 आहेत आणि त्यासाठी आई विधवा, घटस्फोटिता किंवा कुटुंबाने टाकलेली असणे हा थेट निकष आहे. या अर्जांवर साठ दिवसांत निर्णय व्हावा. नाकारायचे असेल तर कारण लिहून द्यावे. ‘कागद अपूर्ण’ हे कारण नव्हे. कोणता कागद आणि त्याऐवजी काय चालेल, ते लिहावे.

बोचके

एक लहान मागणी, पण पावसाळ्यापूर्वी मान्य व्हावी. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा बोचके जाते. त्यात भांडी-कपडे असतात, ते पुन्हा मिळतात. पण पिशवीतल्या पिशवीत, तिच्या आतल्या प्लॅस्टिकमध्ये मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि कोर्टाचा कागद असतो. वर्षभर खिडक्या झिजवून जमवलेले ते एका मिनिटात डंपरमध्ये जाते. 1981 मध्ये मुंबईतल्या फूटपाथवरच्या लोकांना हुसकावण्याचा निर्णय झाला, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. 1985 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण आधी नोटीस देऊन फूटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. तो अधिकार वापरताना कागदपत्रांची पिशवी बाजूला काढून पावतीसह परत द्यावी, एवढे सौजन्य दाखवणे अवघड नाही. अंगणवाड्यांतून प्रत्येकीला कागदपत्रांची छायाचित्रे डिजिलॉकरमध्ये ठेवून द्यावीत, म्हणजे बोचके गेले तरी सारे जात नाही.

आणि 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्यात उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही भिकाऱ्याच्या व्याख्येत ओढता येतो आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या शहरापुरती या कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात गजरे विकणारी बाई सिग्नलवर बसून दमली तर ती काय ठरते, हे पथकाच्या मर्जीवर आहे. मूल बरोबर असलेल्या स्त्रीला या कायद्याखाली ताब्यात घेऊ नये, असा आदेश गृह विभागाला द्यायला आपण सांगावे.

चाळीस हजार

आता मुख्य प्रश्न. आम्हाला निवाऱ्यात म्हातारे व्हायचे नाही. आपली खोली हवी, आपले कुलूप हवे.

आमच्यातल्या एकीचा हिशेब देतो. चार घरची धुणीभांडी, महिन्याला 9,000 रुपये. दिवा स्टेशनच्या पुढे किंवा नालासोपाऱ्याकडे चाळीतली खोली बघितली तर भाडे 5,000, डिपॉझिट 30,000 आणि दलालाला एका महिन्याचे भाडे. पहिल्या महिन्याचे भाडे धरून हातात एकदम 40,000 हवेत. खाऊन-पिऊन, पोराची वही-पेन्सिल, दिवसातून दोनदा पैसे देऊन जायचा संडास आणि आठवड्यातून दोन अंघोळी जाऊन तिच्याकडे महिन्याला हजार उरतात. चाळीस महिने. तोवर पैसे ठेवायचे कुठे, ब्लाऊजमध्ये? रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ओळखीच्या कागदाशिवाय उघडता येणारे ‘छोटे खाते’ आहे, 50,000 पर्यंत शिल्लक ठेवता येते. शाखेत विचारले तर समोरचा कर्मचारीच आपल्याकडे असे काही नसते म्हणतो.

खोली मिळाली तर महिन्याचे भाडे ती पोटाला चिमटा काढून भरेल, हे लक्षात घ्या. कसेबसे, पण भरेल. अडते ते डिपॉझिटापाशी. आणि डिपॉझिट हा खर्च नसतो, ते अकरा महिन्यांनी परत येते. म्हणून राज्याने ‘डिपॉझिट हमी निधी’ उभारावा. घरमालकाला रोख रकमेऐवजी महापालिकेचे हमीपत्र मिळावे. भाडे थकले किंवा खोलीची नासधूस झाली तरच निधीतून पैसे जातील. बहुतेकींच्या बाबतीत ते कधीच जाणार नाहीत, कारण जिने तीन वर्षे फूटपाथवर काढली, ती खोलीचे भाडे चुकवत नाही. ती जेवण चुकवते. याशिवाय पहिल्या अकरा महिन्यांच्या करारात भाड्याला उतरता आधार द्यावा, सुरुवातीला निम्मा, मग चौथाई, शेवटी काही नाही. निवाऱ्यातली एक खाट वर्षभर चालवण्याच्या खर्चाशी याची तुलना आपल्या लेखा विभागाने एकदा करून पाहावी.

आणखी एक अडचण पैशाने सुटत नाही. ‘एकटी बाई’ म्हटले की घरमालक खोली द्यायला तयार नसतो. कोण येतं, कोण जातं, पोरगं कुणाचं? इथे महापालिकेने मध्ये उभे राहावे. खोली पालिकेने किंवा तिने नेमलेल्या संस्थेने भाड्याने घ्यावी आणि पोटभाडेकरू म्हणून आईला द्यावी. वर्षभर भाडे नीट भरले की करार तिच्या नावाने व्हावा. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 मध्ये परवडणारी भाड्याची घरे हा वेगळा घटक आहे आणि विधवा, एकल स्त्रियांना प्राधान्य द्यावे असेही त्यात आहे. त्या घरांतला ठरावीक हिस्सा निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या मातांसाठी राखून ठेवावा. अर्जात कायमचा पत्ता विचारू नये, हे आता वेगळे सांगायला नको.

काही जणी तर बेघर व्हायलाच नको होत्या. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, घर कुणाच्याही नावावर असो. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात संरक्षण अधिकाऱ्याकडे इतर तीन कामे असतात. प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्यावा. बाई घराबाहेर काढली गेल्यापासून सात दिवसांत निवास आदेशाचा अर्ज त्यानेच दाखल करावा.

काम आणि पाळणा

धुण्याभांड्याचे काम सकाळी सातला सुरू होते. अंगणवाडी त्यानंतर उघडते आणि दुपारी बंद होते. मधल्या वेळात दोन वर्षांचे पोर कुठे ठेवायचे? आम्ही ते सहा वर्षांच्या पोरीकडे देतो, म्हणून तिची शाळा बुडते. पुढे तीच पोरगी शाळाबाह्य म्हणून मोजली जाते. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. तिची पाळणाघरे निवाऱ्यांच्या आत किंवा शेजारी, सकाळी सहा ते रात्री आठ चालवावीत. तिथल्या सेविकांच्या नेमणुकीत आमच्यातल्या बायकांना घ्यावे. मुले सांभाळण्याचा अनुभव आमच्याकडे बराच आहे.

शिलाई मशीन आणि पापडाचे प्रशिक्षण मात्र पुरे झाले, हे नम्रपणे सांगतो. बेघर बाईला मशीन दिले तर ती ते ठेवणार कुठे? त्याऐवजी महापालिकेच्या स्वच्छता, उद्यान, शाळांचे मध्यान्ह भोजन या कंत्राटांत निवाऱ्यातल्या एकल मातांच्या गटांना काही टक्के काम राखून द्यावे, किमान वेतन कायद्याप्रमाणे आणि थेट खात्यात. ज्या रस्त्यावर विकतात, त्यांना पथविक्रेता म्हणून शिफारसपत्र द्यावे, म्हणजे ‘पीएम स्वनिधी’ योजनेचे पहिले कर्ज मिळेल. ते 10,000 वरून आता 15,000 झाले आहे. एवढ्यात भाजीची पाटी उभी राहते.

मोजणी

2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले गेले. देशात 17 लाख 73 हजार आणि महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 11 हजार. मुंबईत 57 हजारांच्या आसपास. ज्यांनी मुंबईचे फूटपाथ रात्री पाहिले आहेत, त्यांचा शेवटच्या आकड्यावर विश्वास बसत नाही, पण ते असो. आता नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक 1 मार्च 2027 आहे. त्या वेळच्या बेघरांच्या मोजणीला प्रत्येक प्रभागात आमच्या दोन जणी प्रगणकांबरोबर द्या. कोणत्या जिन्याखाली कोण झोपते आणि पोलीस दिसल्यावर कोण उठून जाते, हे आम्हाला माहीत आहे. आई आणि मुले एवढेच कुटुंब असेल तिथे तशी वेगळी नोंद राज्याने आपल्या पाहणीत घ्यावी.

या पत्रावर कोणत्या विभागाने काय करायचे ते ठरवण्यासाठी तीस दिवसांत तिन्ही विभागांची एकत्र बैठक बोलवावी आणि तीत आमच्या पाच प्रतिनिधी असाव्यात. बैठक दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ठेवावी, सकाळ-संध्याकाळ आम्ही कामावर असतो. लेकरे बरोबर येतील.

उत्तर कुठे पाठवायचे, हा प्रश्न आपल्या आवक-जावक लिपिकाला पडेल. पाठवू नये. आवक क्रमांक आम्ही टिपून घेतला आहे. दर सोमवारी आमच्यातली एक जण खिडकीवर येऊन विचारून जाईल.

आपल्या,
संघटनेच्या सभासद

(सोबत : सह्यांची सात पाने, त्यांत अंगठे धरून, मुलांनी काढलेल्या घराच्या चित्रांचा एक गठ्ठा, पाहून परत द्यावा.)